साउंडबॉक्स बोलला, पैसे आले आणि खातंच गोठलं

कराडात माझं मोबाइलचं दुकान आहे. खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे, क्यूआरवर दुसराच क्यूआर चिकटवणारे, ‘चुकून जास्त गेले, परत पाठवा’वाले, हे सगळे आपल्याला पाठ आहेत. पण माझ्या खात्यात पैसे खरोखर आले होते. साउंडबॉक्स बोलला, बँकेचा मेसेज आला, व्यवहाराचा यूटीआर नंबर आला. तरी ४६,४९८ रुपयांचा माल घालवून बसलोय.

पंचविशीतला मुलगा. दोन हँडसेट घेतले, एक २७,४९९चा, एक १८,९९९चा. घासाघीस नाही, कव्हर-ग्लास फुकट मागितली नाही. असं गिऱ्हाईक असतं का हो? ‘पैसे भाऊ पाठवतोय’ म्हणत त्यानं काउंटरवरच्या क्यूआरचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर धाडला. मग मोबाइलकडे बघत उभा. पैसे आले ते कुणा बाईच्या नावानं, आडनावही आपल्याकडचं नाही. मी ते वाचलं आणि बिलावर त्यानं सांगितलेलं नाव टाकलं. ‘तिथंच थांबायचंस ना!’ असं आता जो तो ऐकवतो. अरे, कॉलेजच्या पोराचे पैसे बापाच्या खात्यातून येत नाहीत? बायकोच्या जीपेवरून येत नाहीत? प्रत्येकाची वंशावळ विचारत बसलो तर धंदा कधी करायचा?

त्या बाईला दुसऱ्या राज्यात कुणीतरी गंडवलं होतं आणि पैसे भरायला माझाच क्यूआर पाठवला होता. तिनं सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली, बरोबरच केलं. पण खातं माझं निघालं. माल चोराकडे आणि संशयित मी!

वाद ४६,४९८चा, बँकेनं गोठवलं ३,१२,६४० रुपये असलेलं अख्खं करंट खातं. कळलं कधी? डिस्ट्रिब्युटरला दिलेला चेक परत आला तेव्हा. वर ५९० रुपये दंड. मॅनेजर म्हणतो, “वरून आलंय, आमच्या हातात काही नाही.” कुठल्या ठाण्यानं, कुठल्या तक्रारीवरून, हे लेखी अर्ज दिल्यावर मिळालं. हे पहिल्यांदा मागा, लेखीच मागा. त्या ठाण्याचा फोन वाजत राहतो, उचललाच तर “बिल घेऊन इकडे या.” दुकान कुणावर टाकून जाऊ? इथल्या ठाण्यात गेलो तर, “तुमचे पैसे गेले कुठे? आलेत की!” म्हटलं, बिलावर दोन्ही फोनचे आयएमईआय, म्हणजे ओळख नंबर आहेत, निदान फोन ब्लॉक करू. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर त्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत लागते आणि ती प्रत हेच देईनात. चोर नवा फोन मिरवतोय, मला दुकानाचं वीजबिल मेहुण्याकडून घेऊन भरावं लागलं.

पोलिसांनी कळवलेली रक्कम तेवढीच अडवा, सगळं खातं नको, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३मध्येच सांगितलंय. तेही छापून मॅनेजरला दिलं. त्यानं फाइलला लावलं.

क्यूआरचा फोटो कुणालाही काढू देऊ नका. पैसे तिऱ्हाइताकडून आले तर माल काउंटरखालीच ठेवा, गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे. क्यूआरचं खातं आणि डिस्ट्रिब्युटरला देण्याचं खातं वेगळं असू द्या. सीसीटीव्हीचं फुटेज वेळेत काढून ठेवा. माझं डीव्हीआरनं पुसून टाकलं होतं. आणि बँकेकडून तक्रारीची पोच सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. माझी तक्रार तिथं गेलीय.