झेड-फोर देऊन बॉक्स्टर घेताना झालेली दुहेरी फसवणूक

माझ्याकडे २०११ सालची बीएमडब्ल्यू झेड-फोर होती. ती देऊन २०१३ सालची पोर्शे बॉक्स्टर घ्यायची आणि वरचा फरक बँकेतून चुकता करायचा, असा व्यवहार गेल्या दिवाळीच्या आधी कोल्हापुरातील एका एजंटामार्फत झाला. या एकाच व्यवहारात मला दोन्ही बाजूंनी फसवण्यात आले. माझी गाडी खोटा दोष दाखवून कमी भावात काढून घेतली गेली आणि त्या बदल्यात हाती आलेली गाडी पाण्यात बुडालेली, शिवाय मीटर मागे फिरवलेली निघाली. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे एजंटाचे नाव देत नाही. मात्र त्याने वापरलेली प्रत्येक युक्ती सविस्तर सांगतो, कारण तशाच पद्धतीने आणखी कोणाला तरी गाडी दाखवली जात असेल याची मला खात्री आहे.

आधी त्या दोन गाड्यांविषयी लिहायला हवे, कारण फसवणुकीचे सगळे धागे त्या तुलनेतूनच काढलेले होते. दोन्ही दोन आसनी, उघड्या छताच्या आणि बाजारात एकमेकींच्या थेट स्पर्धक, पण स्वभाव अगदी वेगळे. माझ्या झेड-फोरच्या, म्हणजे एस-ड्राइव्ह ३५आय या प्रकाराच्या, लांबलचक बॉनेटखाली तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे ३०६ अश्वशक्तीचे इंजिन आहे. ते कमी फेऱ्यांवरही ४०० न्यूटन-मीटरचा जोर देते, त्यामुळे कागल सोडून निपाणीच्या दिशेने लागले की ही गाडी न दमता पळते. बॉक्स्टरच्या २०१२ पासूनच्या पिढीत २.७ लिटरचे, टर्बो नसलेले, आडव्या सहा सिलिंडरांचे २६५ अश्वशक्तीचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी बसवलेले असते. कागदावर ती कमी ताकदीची दिसते, परंतु पन्हाळ्याच्या चढाला किंवा गगनबावड्याच्या घाटात वळणामागून वळण येत राहते तेव्हा मध्यभागी असलेल्या त्या वजनाचा फायदा हातातल्या स्टिअरिंगला लगेच कळतो. झेड-फोरचे धातूचे घडीचे छत उघडायला सुमारे २० सेकंद लागतात. बॉक्स्टरचे कापडी छत ९ सेकंदांत उघडते आणि तेही ५० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीत. शिवाय झेड-फोरचे रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे पण कडक टायर, आपल्याकडच्या रस्त्यांवर पाठीची परीक्षा पाहतात. हे सगळे मी बरेच दिवस तोलत होतो आणि कल बॉक्स्टरकडे झुकत चालला होता.

एजंटाला हे पहिल्या भेटीतच कळले. या माणसाचे दोन्ही गाड्यांविषयीचे ज्ञान खरे होते, हे मुद्दाम नमूद करतो, कारण त्याच्यावर विश्वास बसला तो त्या ज्ञानामुळे. कोणत्या इंजिनात काय बिघडते, कोणत्या वर्षी काय बदल झाले, कोणता भाग कुठून मागवावा लागतो, हे सारे तो अचूक सांगत असे. पण मॉडेलविषयीची ही खरी माहिती तो समोरच्या विशिष्ट गाडीविषयीचे खोटे झाकण्यासाठी वापरत होता.

माझ्या गाडीपासून सुरुवात झाली. झेड-फोरच्या या इंजिनातील उच्च दाबाचा इंधन पंप हा जगभर ठाऊक असलेला दुबळा भाग आहे आणि त्यासाठी कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या. माझ्या गाडीने त्या बाबतीत कधीही त्रास दिला नव्हता. किंमत ठरवण्यासाठी म्हणून एजंटाने ती स्कॅनरला जोडली आणि थोड्या वेळाने इंधनाचा दाब कमी असल्याचा दोष नोंदवलेला छापील कागद माझ्यापुढे ठेवला. ‘‘मालक, पंप गेलाय, आज ना उद्या इंजेक्टर पण मागणार,’’ असे म्हणून त्याने गाडीच्या किमतीतून पावणेदोन लाख रुपये वजा केले. त्या कागदाची वरची कड आत दुमडून स्टेपल केलेली होती. पुढे वाद सुरू झाल्यावर स्टेपल काढून ती कड उलगडली, तर तिथे चासी क्रमांकाचे शेवटचे सात अंक छापलेले होते आणि ते माझ्या गाडीचे नव्हते. दुसऱ्याच एखाद्या झेड-फोरचा अहवाल मला दाखवून माझ्या चांगल्या गाडीचा भाव पाडण्यात आला होता. स्कॅनरचा कागद कोणीही पुढे केला, तर आधी त्यावरचे सात अंक आपल्या आरसीवरील चासी क्रमांकाशी ताडून पाहावेत, मग दोषाचे नाव वाचावे.

बॉक्स्टर मुंबईची नोंदणी असलेली होती. एकच मालक, मीटरवर १९ हजार किलोमीटर, रंग मूळचा. मी शिवाजी उद्यमनगरातील माझ्या ओळखीच्या वस्तादांना बरोबर नेले होते. त्यांची या कामातली सारी हयात इंजिनांवर गेली आहे, परंतु बॉक्स्टरची रचनाच अशी की पुढे १५० लिटरचा सामानाचा कप्पा, मागे १३० लिटरचा, आणि मागच्या कप्प्यात तेल व कूलंट ओतायची तोंडे, एवढेच बाहेरून दिसते. इंजिन पाहायचे तर खालची झाकणे किंवा आसनांमागचा भाग उघडावा लागतो. वस्ताद म्हणाले, ‘‘हिचं इंजिन बघायचं म्हंजे आधी गाडी उघडायला पायजे.’’ त्यावर एजंटाने मूळ मालकाची परवानगी नसल्याचे सांगितले. गाडी मुंबईला कंपनीच्या केंद्रात तपासून घेऊ, असे मी सुचवताच त्याने त्याच केंद्राचा शिक्का असलेला, शंभरांहून अधिक मुद्द्यांवर बरोबरच्या खुणा केलेला तपासणी अहवाल काढून दिला. तो अहवाल बनावट होता. त्यावरच्या क्रमांकाचा कोणताही अहवाल आमच्याकडून दिला गेलेला नाही, असे केंद्राने पुढे मला लेखी कळवले आहे.

पायाखालच्या गालिच्याला दमट वास होता आणि तो वस्तादांना लगेच जाणवला. एजंटाचे उत्तर तयारच होते. बॉक्स्टरच्या छताचे पाणी वाहून नेणारे निचऱ्याचे मार्ग पाचोळ्याने तुंबतात आणि पाणी आत उतरते, हा या गाडीचा जुना आजार आहे, असे त्याने सांगितले. हे खरेच आहे, बॉक्स्टर वापरणारा कोणीही ते सांगेल. त्याने ते मार्ग आमच्यादेखत साफ करून दाखवले, त्यातून थोडा पाचोळाही निघाला आणि वासाचा प्रश्न तिथेच मिटल्यासारखा झाला.

गाडी ताब्यात आल्यानंतर काही आठवड्यांतच खिडक्यांच्या काचा आपोआप खाली येऊ लागल्या, छत अर्ध्यावर अडकू लागले आणि एके सकाळी गाडी सुरूच होईना. ती हायड्रोलिक वाहनावर चढवून मुंबईला पाठवावी लागली. केंद्रातील तंत्रज्ञांनी इंजिनाच्या नियंत्रण संगणकातील नोंदी वाचल्या. इंजिन एकूण किती तास चालले आणि कोणत्या फेऱ्यांपर्यंत ताणले गेले, याचा हिशोब पोर्शेचा हा संगणक ठेवतो आणि डॅशबोर्डवरचा आकडा बदलणाऱ्याचा हात तिथपर्यंत सहसा पोहोचत नाही. नोंदलेल्या तासांनी मीटरवरच्या किलोमीटरना भागल्यावर सरासरी वेग ताशी ११ किलोमीटर निघाला. मुंबईची कोंडी गृहीत धरूनही एवढा कमी वेग शक्य नाही. पाठोपाठ केंद्राच्या स्वतःच्या दप्तरातून या गाडीची शेवटची सर्व्हिस ३८ हजार किलोमीटरला झाल्याची नोंद निघाली. तिच्यानंतर गाडी तिथे आलेलीच नव्हती आणि मला दिलेल्या सर्व्हिस पुस्तिकेतील पुढचे सगळे शिक्के खोटे होते.

त्याहून गंभीर गोष्ट तंत्रज्ञाने मला गाडीपाशी बोलावून दाखवली. त्याने चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट रिळातून पूर्ण बाहेर ओढला. रोजच्या वापरात कधीच बाहेर न येणारा शेवटचा वीतभर पट्टा मातकट पिवळा होता, त्यावर आडवी सरळ रेघ उमटलेली होती आणि बोटाने चोळल्यावर बारीक गाळ हाताला लागला. आम्हा कोल्हापूरकरांना ती रेघ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा शहरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर अशीच रेघ राहिली होती. आसनाखालच्या वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज होता. आसनांचे बोल्ट नवे होते, पण ज्या पट्टीत ते बसवले होते ती गंजलेली होती. सर्वांत धोकादायक बाब म्हणजे एअरबॅगच्या एका जोडणीत रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा सुटा भाग, बसवून इशाऱ्याचा दिवा फसवलेला होता. म्हणजे अपघात झाला असता तर ती एअरबॅग उघडलीच नसती. पैशांच्या नुकसानीपेक्षा या एका गोष्टीचा मला आजही अधिक संताप येतो, कारण त्या गाडीत शेजारच्या आसनावर माझी मुलगी बसत होती.

पुरात बुडालेली महागडी गाडी दुरुस्त करणे परवडत नसेल तर विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत काढते, मग ती भंगाराच्या भावाने लिलावात जाते, आणि तिथून घेऊन वरवर सजवलेल्या गाड्या पुन्हा बाजारात येतात. अशा गाडीचा माग विम्याच्या कागदांतून लागू शकतो. मला फक्त चालू वर्षाची पॉलिसी दाखवण्यात आली होती. तिच्यावर नो-क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य होते आणि त्याचे कारण ‘विमा उशिरा भरला’ असे सांगण्यात आले. दावा न करता सलग वर्षे गेली की हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि दावा केला की तो संपतो. तेव्हा एकाच मालकाकडे राहिलेल्या, जपून वापरलेल्या म्हणवणाऱ्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसत असेल, तर मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात आणि पॉलिसी क्रमांक घेऊन विमा कंपनीकडेच दाव्याची चौकशी करावी.

आता माझ्या झेड-फोरविषयी. व्यवहाराच्या दिवशी एजंटाने हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर माझ्या सह्या घेतल्या. खरेदीदाराचा रकाना त्याने कोराच ठेवला, पार्टी ठरली की नाव भरतो आणि पंधरवड्यात आरसी बदलून देतो, असे सांगितले. बाजारात हीच पद्धत रूढ आहे आणि तिचाच त्याने फायदा घेतला. नंतर माझ्या मोबाइलवर द्रुतगती मार्गावरील वेगमर्यादा मोडल्याची ई-चलने येऊ लागली, माझ्या फास्टॅगमधून टोल कापला जाऊ लागला, आणि गाडी कोणाकडे आहे हे मला कोणी सांगेना. दंड भरून विषय संपत नाही. वाहनाच्या नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या खटल्यातही गाडी हातोहात विकली गेली होती आणि नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती.

यावर उपाय १ एप्रिल २०२३ पासून उपलब्ध आहे, पण त्याची माहिती फार थोड्यांना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन कार्यालयाकडून अधिकृतता घ्यावी लागते. अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना मालकाने फॉर्म २९सी द्वारे ऑनलाइन कळवले, की त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. या एजंटाने आपण अधिकृत असल्याचे सांगून भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र दाखवले होते. ते दुकान-आस्थापना नोंदणीचे होते, वाहन व्यापाराच्या अधिकृततेचे नव्हते. फॉर्म २९सी चा विषय निघाल्यावर पोर्टल बंद असल्याचे कारण त्याने दर वेळी दिले.

अदलाबदलीच्या व्यवहाराचे स्वरूपच फसवणाऱ्याला सोयीचे असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. साडेएकोणीस लाखांचा ‘फरक’ या एका आकड्यावर सगळी बोलणी चालली. त्या आकड्याच्या पोटात माझ्या गाडीचा पाडलेला भाव आणि त्यांच्या गाडीचा फुगवलेला भाव असे दोन वेगळे व्यवहार दडलेले होते. करारनाम्यातही दोन गाड्यांच्या किमती स्वतंत्र लिहिलेल्या नाहीत. ‘पाहून-पारखून, आहे त्या स्थितीत घेतली’ हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत आहे आणि आज प्रतिपक्षाचे वकील त्यावरच बोट ठेवत आहेत. दोन्ही गाड्यांचे दोन करार करावेत, प्रत्येकावर चासी क्रमांक, मीटरचा आकडा आणि पूर्ण किंमत लिहून घ्यावी, आणि मीटर व अपघात-पुराचा इतिहास खरा असल्याची विक्रेत्याची लेखी हमी घ्यावी. पैसे नोंदणीकृत मालकाच्या खात्यातच जावेत. एजंटाने मला मूळ मालकाच्या मेहुण्याचे म्हणून जे खाते दिले होते, त्याचा मूळ मालकाशी काहीही संबंध नसल्याचे निष्पन्न झाले आहे.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद नोंदवली आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा पातळीवरच दाद मागता येते. मुंबईच्या केंद्राचे पत्र, संगणकातील तासांचा अहवाल, सीटबेल्टची छायाचित्रे आणि तो दुमडलेला कागद हे आमचे मुख्य पुरावे आहेत. बनावट तपासणी अहवालाची मूळ प्रत पोलिसांनी जप्त केली आहे.

झेड-फोर अद्याप सापडलेली नाही. ती चंदेरी रंगाची, एमएच-०९ मालिकेतील, आत तांबूस चामड्याची आसने असलेली आहे, आणि माझी सही असलेले कोरे फॉर्म तिच्याबरोबरच फिरत आहेत. हस्तांतरण रोखण्याचा अर्ज मी कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात दिला आहे, त्यामुळे ती विकत घेणाऱ्याच्या नावावर चढणार नाही आणि त्याचेही पैसे अडकतील. सांगली, बेळगाव, पुणे किंवा गोव्याच्या बाजूला अशी गाडी कोणी ‘पार्टी बाहेरगावी आहे’ असे सांगून दाखवत असेल, तर एक रुपयाही विसार देण्याआधी आरसीवर नाव असलेल्या मालकाला समक्ष भेटण्याचा आग्रह धरावा आणि ती भेट टाळली गेली, तर जवळच्या पोलीस ठाण्याला गाडीचा क्रमांक कळवावा.