349 रुपयांचा चावीवाला मला 9,550 ला पडला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. घरचे सगळे हसून झालेत. मी एका पतसंस्थेत 11 वर्षं वसुली बघतो. समोरचा 'साहेब, सोमवारी नक्की' म्हणाला की त्या सोमवारी पैसे येणार नाहीत, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि मलाच भर दुपारी, पार्क चौकाजवळ, विशी-बाविशीतल्या पोरानं उभ्या उभ्या कापलं.

तारीख 11 मे. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, आहेराच्या चादरींचा गठ्ठा घेतलेला. डिकी चावीनं उघडली, गठ्ठा दोन्ही हातांनी आत सरकवायचा म्हणून चावी त्याच्यावरच ठेवली आणि सवयीनं डिकी आपटली. झालं! आमची हॅचबॅक दहा वर्षं जुनी. डिकी बाहेरून चावीशिवाय उघडत नाही आणि चारही दरवाजे लॉकच होते. दुसरी चावी नाही. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा एकच चावी मिळाली होती, आणि 'करून घेऊ की' म्हणत चार वर्षं गेली. (तुमच्याकडेही एकच असेल तर या शनिवारी डुप्लिकेट करून घ्या. आणि ती त्याच गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवू नका, असेही महाभाग आहेत.)

सोबत आई. वय 74, बीपी, गोळ्या गाडीत. दुपारचे दोन वाजलेले, मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की 'तू विचार कसा केला नाहीस' असं विचारणाऱ्यांनी एकदा त्या वेळी त्या फुटपाथवर उभं राहून दाखवावं.

आईला चहाच्या टपरीच्या सावलीत बसवलं. चहावाला म्हणाला, "साहेब, नव्या पेठेकडं जाताना तो म्हातारा बसतोय की छत्रीखाली. चावीवाला. तीन-चारशेत उघडून देतंय बघा." आणि मी काय म्हणालो? "नको, कंपनीचा माणूस बोलावलाय." कारण तोवर मी मोबाईलवर शोधून सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावला होता. '24 तास कार लॉक सर्व्हिस, सोलापूर.' वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं, ते नंतर पाहिलं. फोनवर गोड आवाजाची बाई. "सर, सिर्फ 349 रुपये. टेक्निशियन बीस मिनिट में." 349 हा आकडा मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. तरी.

पोरगा आला मोटारसायकलवर. पाठीवर कॉलेजची असते तसली सॅक. आल्या आल्या त्यानं काय विचारायला हवं होतं? "गाडी कुणाची? आरसी दाखवा." कुठलाही खरा चावीवाला दुसऱ्याच्या गाडीला हात लावायच्या आधी हे विचारतो. त्याची पोटापाण्याची आणि पोलिसाची दोन्ही भीती त्यात असते. यानं विचारलं, "सर, पेमेंट ऑनलाइन करोगे या कॅश?" तिथंच त्याला परत पाठवायला हवं होतं. तो क्षण मला रोज रात्री झोपताना आठवतो. मी तर उलट खूश झालो, पोरगा कामाचा दिसतोय म्हणून.

आता काम कसं करतात ते ऐका. दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची छोटी चपटी पिशवी घालून ती फुगवतात, फट पडते, लांब सळई आत घालून लॉकची खुंटी ओढतात. याच्याकडं पिशवी नव्हती. त्यानं एक मोठा स्क्रू ड्रायव्हर खुपसला, त्याखाली साधं फडकंही नाही. रंगाचा टवका उडाला, रबराची बीडिंग फाटली, दाराची चौकट वरून दीड बोट बाहेर आली. मी "अरे हळू" म्हणालो तर म्हणे, "सर, सेन्सरवाली गाडी है." चार मिनिटांत दार उघडलं. मागची सीट पाडून त्यानं डिकीतून चावी काढली. आईनं सिद्धरामेश्वरांचा फोटो अडकवलेली माझी चावी. आणि ती माझ्या हातात न देता स्वतःच्या पँटच्या खिशात घातली.

मग नाटक सुरू. "सर, लॉक जबरदस्ती खुला है, इमोबिलायझर ब्लॉक हो गया. रिसेट करना पडेगा, नहीं तो रास्ते में बंद पडेगी." सॅकमधून काळा डबा काढला, स्टेअरिंगखाली वायर जोडली. हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि आम्ही मायलेक घाम पुसत त्या दिव्याकडं बघतोय. पंचवीस मिनिटं!

आता हे नीट वाचा. इमोबिलायझर म्हणजे खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. ती ओळखते चावीतल्या चिपला. चावी तीच, चिप तीच, गाडी तीच. सळईनं दार उघडलं म्हणून त्यात बदलण्यासारखं काहीच नसतं. फार तर अलार्म वाजेल. प्रोग्रॅमिंग लागतं ते नवी चावी करायची असेल तेव्हा. माझी चावी तर त्याच्या खिशात होती!

बिल: व्हिजिट 349, लॉक ओपनिंग 2,800, रिसेट 4,500. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 9,026. मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "चावी गाडी में डाल के वापस लॉक कर देता हूँ, आप दूसरा बुला लो." आईनं माझा हात धरला, "दे बाबा, घरी जाऊ." घासाघीस करून 6,500 वर आणलं, 5,000 स्कॅन करून आणि 1,500 रोख, आणि खरं सांगू, त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं. स्कॅन केल्यावर नाव आलं ते भलत्याच कुणाचं तरी. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. पुढं गॅरेजला बीडिंगचे 1,150 आणि डेंटिंग-पेंटिंगचे 1,900. बेरीज तुम्हीच करा.

आता पोलीस. पहिल्या ठिकाणी ऐकलं, "हद्द आमची नाही." दुसऱ्या ठिकाणी दीड तास बाकावर. मग साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? काम झालं ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, चावी खिशात घालून पैसे मागितले, याला काय म्हणायचं? म्हणे, "पुढच्या वेळी बघून बोलवत जा." हा सल्ला तर मला आईनं रिक्षाभाडं न घेता दिला असता. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आहे, आणि हद्द नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर. हे मी वाचून गेलो होतो. बोललो तर "वकील आहात का?" शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. तिसऱ्या फेरीत शिक्का सापडला, तर सही करणारे बंदोबस्ताला. बँकेत सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय." म्हणजे चोरानं माझा पिन टाकला असता तर तो चोर, माझ्याकडून टाकून घेतला तर तो व्यापारी!

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवलीय. ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तेही करणार आहे. पण नोटीस पाठवायला पत्ता कुठून आणू? तुम्ही निदान एवढं करा: पैसे द्यायच्या आधी त्या माणसाचा, त्याच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढा. अंगावर आला तर तिथूनच 112 लावा. ठाण्यात गेल्यावर सांगायला नावगाव तरी असेल.

सगळ्यात जास्त जळतं ते वेगळंच. घरी येऊन इन्शुरन्सची पॉलिसी काढली. रोड साइड असिस्टन्सचे 236 रुपये मी दरवर्षी भरतोय, आणि त्यात 'चावी आत राहिल्यास' असं स्पष्ट लिहिलंय. फुकट उघडून मिळालं असतं. पॉलिसीवरचा तो मदतीचा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा, पॉलिसीची प्रत गाडीत ठेवून काय उपयोग, चावीही तिथंच असते. आणि आत लहान मूल अडकलं असेल तर कंपनी नको, चावीवाला नको. 112 ला फोन, आणि मुलापासून सगळ्यात लांबची काच सरळ फोडा.

छत्रीखालच्या त्या म्हाताऱ्याकडं परवा डुप्लिकेट चावीचं विचारायला गेलो. दाराकडं बघून म्हणाला, "हे कुणी केलं? बैलानं?" मी काही बोललो नाही. 60 च्या पुढं गाडी गेली की त्या कोपऱ्यातून अजून शिट्टी वाजते.

काल बायकोच्या फोनवरून तोच नंबर लावला. तीच बाई. "सर, सिर्फ 349." ऑफिस कुठं आहे विचारलं तर म्हणाली, "सर, आपके नजदीक ही है."