मुलाच्या नाकातील गाठ: कान-नाक-घसा विभागाचा अनुभव
माझ्या 14 वर्षांच्या मुलाचा घोळणा वारंवार फुटत असे आणि उजवी नाकपुडी कायम चोंदलेली असे. आधीच्या दवाखान्यात सर्दी समजून केवळ थेंब दिले गेले, याचे आजही वाईट वाटते. पुण्यातील या रुग्णालयात मात्र डॉक्टरांनी दुर्बिणीतून लालसर, गुळगुळीत गाठ पडद्यावर दाखवली आणि किशोरवयीन मुलांमध्ये आढळणाऱ्या या अँजिओफायब्रोमाचा (रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीचा) तपासणीसाठी तुकडा काढल्यास प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून निदान सीटी व एमआरआयवरूनच करायचे, हे शांतपणे समजावले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद केला, त्यामुळे रक्त चढवावे लागले नाही. बिलाच्या खिडकीवर फार ताटकळावे लागते. गाठ कर्करोगाची नसली तरी पुन्हा उद्भवू शकते. पुढील एमआरआय आम्ही येथेच करणार आहोत.