नोकरीच्या ॲपची सशुल्क सदस्यता: सात महिन्यांनंतर

गेल्या श्रावणात जळगाव एमआयडीसीतील पाइपच्या कारखान्याने आम्हा चौदा जणांना कमी केले, तेव्हा मला डिस्पॅच सांभाळून अकरा वर्षे झाली होती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये, त्याला २६ने भागून १५ने गुणले की वर्षामागे १२,००० रुपये, म्हणजे ग्रॅच्युइटी १,३२,००० रुपये झाली. त्याच पैशातून या ॲपचे तीन महिन्यांचे १,४९९ रुपये भरले असल्यामुळे त्यातला रुपया न् रुपया माझ्या लक्षात आहे.

ठिकाण म्हणून ‘जळगाव’ निवडले की हे ॲप बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या जागाही दाखवते. ‘९२ टक्के जुळणी’ असा हिरवा शिक्का असलेली गोदाम पर्यवेक्षकाची जागा पाहून मी मुलाखतीला होकार कळवला, आणि पूर्ण पत्ता आला तो आदल्या रात्री साडेनऊला. दिलेला शब्द मोडवेना, म्हणून रेल्वेने नांदुरा गाठून तेथून एसटीने गेलो. मॅनेजरसाहेबांनी फाइल उघडण्याआधीच विचारले, “तुम्ही इकडे राहायला येणार का?” दोन्ही पोरांची शाळा जळगावात; पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. जाण्यायेण्याचे आणि जेवणाचे पैसे गेले ते वेगळेच. तक्रार केली तेव्हा ‘पिनकोड टाकून शोधा’ असे उत्तर आले. पिनकोड टाकण्याची सोय ॲपमध्ये कुठेच नाही, हे मी स्क्रीनशॉटसह तीनदा कळवले.

दुसऱ्या तिमाहीचे पैसे आपोआप कापले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोवीस तास आधी सूचना आली होती, पण तेव्हा मी चोपड्याला बहिणीकडे होतो आणि संदेश पाहायचा राहून गेला. ती चूक माझी. ऑटोपे बंद करायचे असेल तर ते आपल्या यूपीआय ॲपमधूनही करता येते, ही माहिती मला १,४९९ रुपयांना पडली.

येथवरचा मजकूर दिवाळीत लिहून ठेवला होता आणि एकच तारा देणार होतो. त्यानंतर प्रोफाइल कोणी कोणी पाहिले याची यादी मी नीट वाचली. ही यादी केवळ पैसे भरणाऱ्यांनाच दिसते. ‘वरिष्ठ डिस्पॅच प्रमुख’ या मथळ्याला महिन्यात चार जणांनी उघडले होते. तो काढून ‘ई-वे बिल, टॅली, ट्रक लोडिंग नियोजन’ असे लिहिले, तर पंधरवड्यात एकवीस जणांनी पाहिले. त्यांपैकी भुसावळच्या एका वाहतूकदाराने फोन केला. पगार आधीपेक्षा अडीच हजारांनी कमी ठरला, पण रेल्वेचा मासिक पास काढून अप-डाऊन करता येते, त्यामुळे मी हो म्हटले.

राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरील नोंदणी फुकट असते, ती आधी करावी. पैसे भरायचेच असतील तर एका तिमाहीचे भरावेत आणि त्याच दिवशी ऑटोपे बंद करावे. त्या यादीमुळे मी तीन तारे देत आहे. चौथा तारा जळगाव आणि जळगाव जामोद वेगळे होतील तेव्हा देईन. कालच सकाळी ‘तुमच्या घराजवळ नवीन जागा’ असा संदेश आला, आणि पत्ता पुन्हा जामोदचाच होता.