फॅमिली फ्लोटर पॉलिसी, सव्वा वर्षानंतर : खोलीभाड्याच्या एका ओळीने खाल्लेले पैसे

बिल २,८१,४०० रुपयांचं, पॉलिसी पाच लाखांची, आणि तरी डिस्चार्जच्या दिवशी पदरचे १,११,४०० रुपये भरून आम्ही सासूबाईंना घरी आणलं. पॉलिसीची बाकी माहिती सगळ्यांना ठाऊकच असते : चौघांचा फ्लोटर (म्हणजे चौघांना मिळून एकच विमा रक्कम), कॅशलेस, नो क्लेम बोनस, आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांचा वेटिंग पिरियड (तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही). त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते खोलीभाड्याच्या मर्यादेबद्दल, कारण आमचे बहुतेक पैसे तिथेच गेले.

पॉलिसी डिसेंबर २०२४ मध्ये घेतली, नवऱ्याच्या एजंट असलेल्या मामेभावाकडून. ‘वहिनी, आपल्या चिंचवडमध्ये पाच लाख पुष्कळ झाले,’ असं ते म्हणाले. हप्ता २०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये. सासूबाईंचं वय ५८, शुगर आणि बीपी दोन्ही. ते फॉर्मवर स्वच्छ लिहून दिलं. ‘लिहिलं नाही तर हप्ता कमी बसेल’ असाही सल्ला एकाने दिला होता, तो आम्ही ऐकला नाही. फार बरं झालं.

जुलैमध्ये सोसायटीच्या ओल्या पॅसेजमध्ये त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. अपघाताला वेटिंग पिरियड लागत नाही, त्यामुळे काळजी नव्हती. कॅशलेसची विनंती गेली आणि टीपीएकडून (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) पहिला प्रश्न आला : रुग्ण पडण्याचं कारण काय, चक्कर आली होती का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागचा अर्थ समजून घ्या. ‘चक्कर आली’ असं कागदावर आलं असतं, तर शुगरमुळे चक्कर, शुगर आधीपासूनची, म्हणून क्लेम नाही, इथपर्यंत गाडी गेली असती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ‘ओल्या फरशीवरून पाय घसरून’ असं केस पेपरवर पहिल्याच वेळी लिहिलं होतं. तेच पुन्हा लेटरहेडवर लिहून दिलं. कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, मे २०२४ चा नियम आहे, आणि खुलासा पोचल्यावर मंजुरी खरोखरच तासाभरात आली. याचं श्रेय कंपनीला द्यायला हवं.

आता खोली. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. हॉस्पिटलमध्ये ट्विन शेअरिंगचं (एका खोलीत दोन पेशंट) भाडं ४,८०० होतं, पण जागा नव्हती. सिंगल रूम ८,००० ची. मोडलेलं हाड घेऊन स्ट्रेचरवर पडलेल्या बाईला घेऊन दुसरीकडे कुठे जाणार? काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, ‘कॅशलेस मंजूर आहे, वरचा फरक तेवढा भरा.’ वरचा फरक म्हणजे रोजचे ३,०००, असंच कोणीही समजेल.

तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ लावते. ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के. तेवढेच टक्के कंपनी देणार, आणि नुसत्या भाड्याचे नाही, सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, व्हिजिट, सगळ्यांचे. भाड्यात आमचे १५,००० कापले. सर्जनपासून नर्सिंगपर्यंतचं बिल १,३६,००० होतं, त्यात ५१,००० कापले. म्हणजे मोठी कात्री लागली ती डॉक्टरांच्या फीला, आणि खोली निवडताना ही गोष्ट कोणीही बोललं नाही. एजंट नाही, काउंटर नाही, टीपीएचा हॉस्पिटलमध्ये बसणारा माणूसही नाही.

मी पतसंस्थेत काम करते, आकडे जुळवणं हे रोजचं काम. घरी आल्यावर सेटलमेंट शीट घेऊन बसले. प्रत्येक ओळीपुढे ‘क्लेम केलेली रक्कम’, ‘कपात’, ‘मंजूर रक्कम’ आणि शेवटी कारण, असे रकाने असतात. खाली येता येता ‘नेल’ आणि त्याखाली ‘स्क्रू’ अशा ओळी दिसल्या. हाडात बसवलेला रॉड आणि त्याचे स्क्रू. त्यांच्यापुढेही ३७.५ टक्के कपात! खोली पाच हजारांची असो की आठ हजारांची, मांडीत जाणारा स्क्रू तोच आणि त्याची किंमतही तीच. मग त्यात कपात कशाची? औषधांना तीच कपात, एक्स-रेला तीच, रक्ताच्या तपासण्यांना तीच. इम्प्लांट ४२,०००, औषधं ३८,०००, तपासण्या १६,०००, मिळून ९६,००० आणि त्यातून कापलेले ३६,०००.

हे नियमात बसतच नाही. आयआरडीएआयने २०२० मध्येच कंपन्यांना बजावलं आहे की औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं, आणि तपासण्या यांना प्रमाणात कपात लावायची नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीच्या दर्जाप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत, तिथे तर ही कपात मुळातच लावता येत नाही. हा नियम नव्या पॉलिसींना ऑक्टोबर २०२० पासून आणि जुन्यांना एप्रिल २०२१ पासून लागू आहे. इतकी वर्षं झाली, तरी आमच्या शीटवर सगळ्या ओळींना सरसकट एकच टक्केवारी लावलेली.

कस्टमर केअरने ‘सिस्टिमनेच काढलंय मॅडम’ यापलीकडे उत्तर दिलं नाही. म्हणून फोन सोडला आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, शीट जोडून, चुकीच्या ओळींवर खुणा करून, नियमाचा उल्लेख करून. पहिलं उत्तर ठोकळेबाज : कपात पॉलिसीच्या अटींनुसार आहे. मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. महिनाभरात निकाल लागला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी होती. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. पण पोर्टलवर तक्रार गेल्यावर कंपनीचा सूर बदलला. ‘पुनर्तपासणीनंतर’ असं लिहून ३६,००० रुपये खात्यात जमा झाले. चूक झाली, असा शब्द कुठेही नाही. माझा राग तिथेच आहे. मी शीट ओळीने वाचली म्हणून पैसे आले. जे वाचत नाहीत, ज्यांच्या घरात ते वाचणारं कोणी नाही, त्यांचे असेच कापले जात असतील तर ते त्यांना कळणारही नाही.

तोपर्यंत मी सगळा दोष कंपनीला देत होते. पण तक्रारीसाठी हॉस्पिटलचं दरपत्रक मागवलं तेव्हा माझं मत थोडं बदललं. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तेच ओटी, आणि ट्विन शेअरिंगच्या पेशंटला सर्जनपासून नर्सिंगपर्यंत १,०८,०००, तर सिंगल रूमच्या पेशंटला १,३६,०००. सर्जनने वेगळं काय केलं? काहीच नाही. म्हणजे खोली बदलली की हॉस्पिटल सगळंच बिल वाढवतं, आणि ती वाढ आम्ही देणार नाही असं कंपनी म्हणते. कंपनीचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला पटतं. पण फरक २८,००० चा असताना कपात ५१,००० ची, हे मला अजूनही पटलेलं नाही. आणि ट्विन शेअरिंगमध्ये जागा नव्हती, हे तर आमच्या हातातलं नव्हतंच.

उरलेले ९,४०० रुपये नॉन-पेएबलमध्ये, म्हणजे विमा ज्यांचे पैसे देत नाही त्या वस्तूंच्या यादीत गेले. वॉकर, डायपर ही त्या यादीतलीच नावं, तिथे भांडून उपयोग नाही. कन्झ्युमेबल्सचा रायडर (जादा हप्ता भरून घ्यायची जोड-सुविधा) घेतला तर त्यातलं काही मिळतं.

चांगल्या अनुभवाचंही लिहिते, कारण त्याची अपेक्षाच नव्हती. डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च पॉलिसीत होता. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहिली आहे ना, हे घरी निघण्याआधी बघून घेतलं होतं. त्यामुळे फिजिओथेरपी, फॉलोअपचे एक्स-रे, औषधं, सगळ्याचे पैसे मूळ बिलं दिल्यावर एका रुपयाचीही कपात न होता आले. सासूबाई आता काठीशिवाय जिना उतरतात. त्या फिजिओथेरपीचे पैसे खिशातून जात असते तर ‘पुरे झालं गं आता’ म्हणून त्यांनी ती मध्येच थांबवली असती, हे मी खात्रीने सांगते.

अनेकांनी विचारलं, महात्मा फुले जनआरोग्य योजना का नाही वापरली? २०२३ च्या निर्णयानंतर ती पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. पण उपचार योजनेच्या यादीत हवा आणि हॉस्पिटल अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं हवं. हे हॉस्पिटल नव्हतं. आता आमच्या भागातली अंगीकृत हॉस्पिटलं कोणती, हे काढून फ्रिजवर लावलंय. तुम्हीही काढून ठेवा, ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर शोधणं जमत नाही.

डिसेंबरमध्ये नूतनीकरण आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून ३,६०० वाचतील असा हिशोब मांडला होता. मूळ हप्ता २१,८०० झाला. वाचले १,८००.

कंपनी बदलायचा विचार केला. पोर्ट केलं तर वेटिंग पिरियडचं झालेलं वर्ष वाया जात नाही, पण नवी कंपनी प्रस्ताव नाकारू शकते, आणि शुगर, बीपी आणि ताजं ऑपरेशन बघून एकीने नाकारलाच. म्हणून याच पॉलिसीला खोलीभाड्याची मर्यादा काढणारा रायडर जोडला. त्याचे २,६०० जास्त. गेल्या वर्षी हा रायडर असता तर भाड्याचे आणि डॉक्टरांच्या फीचे मिळून ६६,००० वाचले असते. मामेभावाला विचारलं, ‘भावजी, तेव्हा का नाही सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘हप्ता वाढला असता तर तुम्ही घेतलीच नसती.’ मी कंपनीला ईमेल करून ‘सिंगल रूमला कुठलीही प्रमाणात कपात होणार नाही’ असं लेखी मागितलं. ते उत्तर आलं, पॉलिसीच्या फाइलमध्ये लावलं, आणि मगच पैसे भरले.