सहा शनिवार दांपत्य-समुपदेशनाचे: कोथरूडमधील एका केंद्राचा अनुभव

माझे पती हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि मी बँकेत अधिकारी आहे. त्यांच्या बैठका न्यूयॉर्कच्या वेळेनुसार चालतात. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०, त्यामुळे आमच्या जेवणाची वेळ हीच त्यांच्या बैठकांची वेळ, आणि मार्चअखेरच्या क्लोजिंगमध्ये मला घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. आमच्यात भांडणे नव्हती, पण बोलणेही उरले नव्हते, म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही या केंद्रात जाऊ लागलो.

चूक कोणाची, हे समुपदेशिकांनी कधीच विचारले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना वेगवेगळ्या वह्या करायला सांगितल्या. त्यांत रोज काम किती पडले, घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास कसा गेला आणि जोडीदाराच्या वागण्याचा आपण काय अर्थ लावला, हे लिहायचे होते. दोन आठवड्यांनी वह्या शेजारी ठेवल्या, तेव्हा ज्या तारखेला मी ‘यांना माझ्याशी बोलायचेच नाही’ असे लिहिले होते, त्याच तारखेला त्यांच्या वहीत ‘रिलीज अडकले, डोके चालत नाही’ एवढेच होते. मी केवळ थकून गप्प बसले होते त्या रात्री त्यांनी ‘ही रागावली आहे का?’ असे लिहिलेले वाचून मला रडू आवरेना. या वह्यांसाठी मी केंद्राची मनापासून ऋणी आहे.

त्यानंतर समुपदेशिकांनी मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांच्या १९८९ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितले. हवाई वाहतूक नियंत्रकांवर ज्या दिवशी कामाचा भार अधिक असे, त्या दिवशी ते घरी अलिप्त राहत, आणि पत्नीचा आधार असेल तर त्यांना असे बाजूला होणे सोपे जाई, असे त्यात आढळले होते. त्यावरून आम्हाला नियम मिळाला की घरी आल्यावर अर्धा तास एकमेकांना काही विचारायचे नाही. माझा आक्षेप इथेच आहे. त्या अभ्यासातील नियंत्रक पुरुष होते आणि आधार देणाऱ्या त्यांच्या पत्नी. आमच्या घरी थकून येणारे दोघे आहेत, आणि त्या शांत अर्ध्या तासात कुकर लावणे, मुलीचा गृहपाठ घेणे आणि उद्याच्या डब्याची भाजी चिरणे माझ्याकडेच राहिले. चौथ्या सत्रात मी हे बोलले, तर ‘हळूहळू वाटून घ्या’ एवढ्यावर विषय संपला. ज्या सेवेने गप्प राहण्याचा अर्थ इतका नेमका उलगडून दाखवला, तिने त्या शांततेचा भार कोण उचलते हेही तितक्याच नेटाने विचारायला हवे होते.

५० मिनिटांच्या सत्राचे शुल्क १,८०० रुपये होते. दोनदा आदल्या रात्री वेळ बदलल्याने मला रजा वाया घालवावी लागली. तरीही ज्या घरात संवाद थांबला आहे, त्या दांपत्याने इथे जरूर जावे, मात्र घरकामाच्या वाटणीचा विषय पहिल्याच सत्रात काढावा. आमची वाटणी आम्ही नंतर घरीच ठरवली: सकाळचा डबा आणि गृहपाठ त्यांच्याकडे, रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि मार्चमध्ये तोही त्यांच्याकडे.