चाच्यांचं बेट डुलतंय: स्वस्त ठोकळे वापरून पाच महिने

गेल्या रविवारी घरात चटणीसाठी मिक्सर लावला आणि हॉलमधल्या बुटक्या कपाटावर ठेवलेलं, खेळण्यातल्या ठोकळ्यांनी रचलेलं आमचं चाच्यांचं बेट टकटक वाजायला लागलं. माड थरथरत होते आणि टेहळणीवरचा शिपाई तोंडावर पडला. मी बोटाने एक कोपरा दाबला तर समोरचा कोपरा वर आला. बेट होडीसारखं डुलत होतं. त्या दिवशी चिडून या ठोकळ्यांना एक तारा द्यायला बसलो होतो. बरं झालं, तेव्हा लिहिलं नाही.

मी तीन डबे घेतले. प्रत्येकात हजार तुकडे, किंमत ₹१,४९९. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. 'लेगोला जुळणारे' (लेगो म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांची प्रसिद्ध कंपनी) असं डब्यावर लिहिलंय आणि ते जुळतातही. लेगोचंच का नाही घेतलं, असं विचारणाऱ्यांनी आधी माझा पगार विचारावा. आयात खेळण्यांवरचा सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ मध्ये ७० वर. लेगोचा २०२३ चा एल्डोराडो किल्ला २,५०९ तुकड्यांचा आहे. १९८९ साली चाच्यांची मालिका सुरू झाली, त्यातल्या किल्ल्याचीच ही नवी आवृत्ती. फोटो बघून लेक आणि मी दोघांनी उसासे टाकले आणि ठरवलं, आपलं बेट आपणच आखायचं.

आखणीसाठी ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. डोळ्यांपुढे टॉर्टुगा होतं, हैतीच्या उत्तरेकडचं चाच्यांचं बेट. १६४० च्या दशकात तिथे ल व्हॅसर नावाच्या फ्रेंच माणसाने उंच खडकावर किल्ला बांधला. खडकात पायऱ्या खोदल्या आणि शेवटच्या टप्प्याला वर ओढून घेता येणारी शिडी ठेवली. लेकीला एवढी एक शिडी पुरली. बाकीचं सगळं बेट त्या शिडीभोवती उभं राहिलं: खाली गुहा, गुहेत खजिना, पाठीमागे लपवलेली नाव, वर तोफा. आमचे बाबा येताजाता ऐकवायचे, "इंग्रजांच्या लेखी कान्होजी आंग्रेसुद्धा चाचेच होते, लक्षात ठेवा." त्यामुळे कवटीचा झेंडा बाद झाला आणि झेंड्याची काठी आजतागायत मोकळीच आहे.

पहिला महिना मी या ठोकळ्यांचा भक्त होतो. पकड चांगली, कडा गुळगुळीत, आयएसआयचा शिक्का डब्यावर. राखाडी रंगाच्या मात्र तीन छटा निघाल्या. आधी वैतागलो, मग बेटाचा उंच कडा रचायला घेतला तेव्हा कळलं की खडक असाच दिसतो. एकाच राखाडीत केलेला कडा सिमेंटच्या टाकीसारखा दिसतो. परदेशातले हौशी लोक लेगोच्या मोठ्या पोकळ खडकाच्या तुकड्याला 'बर्प' म्हणतात, म्हणजे 'बिग अग्ली रॉक पीस', मोठा कुरूप खडक. माझ्याकडे तो नव्हताच. सगळा कडा उतरत्या ठोकळ्यांचा आणि आडव्या वळवलेल्या प्लेटींचा, म्हणजे चपट्या ठोकळ्यांचा. गणित असं: ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, प्लेट त्याच्या एक तृतीयांश म्हणजे ३.२, आणि एका बटणापासून (ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) दुसऱ्या बटणापर्यंत ८. म्हणून पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की बरोबर १६ भरतात, म्हणजे दोन बटणांची रुंदी. हे कळलं की भिंत आडवी करून खडक हवा तिकडे वळवता येतो. (आमच्या घरी स्टडला बटणच म्हणतात, काढा टीका.)

गुहेची उंची मात्र चुकली. साडेचार सेंटिमीटर पुरेल असं धरलं होतं, कारण बाहुला चार सेंटिमीटरचा. पण सरदाराच्या तीन टोकांच्या टोपीचा हिशेबच केला नव्हता आणि वरून छताचा एक उलटा उतार खाली लोंबत होता. लेक म्हणाली, "बाबा, घरात येताना टोपी काढतात." गुहा तशीच ठेवली.

आता मूळ दुखणं. पाया ४८ बाय ४८ बटणांचा, म्हणजे ३८.४ सेंटिमीटरचा चौरस. तयार बेसप्लेट, म्हणजे पायाची सलग पातळ पाटी, घेतली नाही, कारण तिला खालून काही जोडता येत नाही आणि मला बेट चार भागांत उचलता येईल असं हवं होतं. वरती सोळा बाय सोळाच्या नऊ निळ्या प्लेटी, अस्सल लेगोच्या, सुट्या विकत घेतलेल्या, कारण समुद्र दिसतो. त्या बांधून ठेवायला खाली दोन बाय चारच्या ठोकळ्यांचा एक थर, २८८ नग, निळे-लाल-पिवळे जे हाती लागले ते, सगळे त्या डब्यांतले. खाली कोण बघतंय! प्रत्येक ओळीतला शेवटचा ठोकळा अंगठ्याने दाबून कोंबावा लागत होता, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, नोकरीला आहे हो, रोज असल्याच गोष्टींवरून पोरांना झापतो.

रविवारी रात्री व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, काढला. एका जुन्या अस्सल दोन बाय चारची लांबी ३१.८ मिलिमीटर, रुंदी १५.८. म्हणजे ३२ आणि १६ नाही, दोन्ही मापं ०.२ ने कमी. शेजारी-शेजारी लावले की मधे केसाएवढी फट राहते आणि त्या फटीमुळेच कितीही लांब भिंत घातली तरी ती ताणत नाही. माझे स्वस्त ठोकळे ३२.०२, ३२.०५, एक तर ३२.०७. एका ठोकळ्यात काहीच नाही, हातात घेऊन कळणारही नाही. पण ओळीत बारा असले की जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त होतात. वरच्या अस्सल प्लेटी आपल्या मापाला धरून बसल्यात आणि खालचा थर बाहेर रेटतोय. मग पाया वाडग्यासारखा वर वाकणार नाही तर काय करणार! स्टुडिओमध्ये हे दिसत नाही. तिथे प्रत्येक तुकडा देवाघरून आल्यासारखा अचूक असतो.

कंपनीला मापांसकट मेल केला. उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवला. मग विचारलं, मुलांनी ठोकळे गरम पाण्यात धुतले का? नाही. मग, उन्हात ठेवले का? नाही. मग, मुलाचं वय काय? मी लिहिलं, बेचाळीस. त्यावर चार दिवस शांतता. शेवटी 'सदिच्छा भेट' म्हणून एक पाकीट आलं. त्यात बदली ठोकळे एकही नाही, फक्त माडाची पानं, चोवीस. रागाने पाकीट फेकणार होतो, पण एक पान खोडावर बसवून बघितलं आणि गप्प झालो. पकड इतकी सुरेख की बेट उलटं धरलं तरी पान हलत नाही. आमच्या बेटावर आता सहा माड आहेत आणि या अख्ख्या मालात पाच ताऱ्यांचं काही असेल तर ती पानं. ठोकळे करणाऱ्याला आणि पानं करणाऱ्याला या लोकांनी एका खोलीत बसवून चहा पाजावा.

इथे माझं मत बदललं, ते का ते सांगतो. सोमवारी बेटाचे चारही भाग उचलून पाया उलटा केला. केशरी उचकटणीने खालच्या थरातला प्रत्येक तिसरा ठोकळा काढायचा असं ठरवलं. पहिले वीस-पंचवीस काढले तोवर काही नाही. साठाव्या ठोकळ्याच्या आसपास बेटाच्या पायातून 'टक्' असा आवाज आला आणि हाताखालचा ताण गेला, आखडलेली मान सुटावी तसा. एकूण ९६ निघाले. पाया सुलटा केला, काच ठेवून बघितला, सपाट. म्हणजे माल वाईटच आहे, ०.२ ची फट खाल्लीच आहे, पण मी तो नेमका जिथे बारा-बारा ओळीने जाणार तिथेच लावला होता. खडकात, जिथे सलग चार ठोकळेही येत नाहीत, तिथे पाच महिन्यांत एकही जागचा हललेला नाही. पैसे वाचवायचेच होते तर ते कड्यात वाचवायचे, पायात नाही. हे लिहिताना हिने मागून वाचलं आणि म्हणाली, आपल्या बाथरूमच्या टाइल्सचंही असंच झालं होतं. तो विषय इथे नको.

निघालेल्या ९६ ठोकळ्यांचा लेकीने धक्का बांधला. लाल, पिवळा, निळा, डोळ्यांत खुपेल असा. टॉर्टुगावर असला धक्का नव्हता म्हटलं तर म्हणते, आता आहे.

तर पानं सोडून बाकीला तीन तारे. चौथा डबा घेणार का? घेणार, पण व्हर्निअर खिशात ठेवून.

एक कोपरा मात्र अजून किंचित उचलतोय, पण तो दोष कपाटाचा. त्याखाली तिन्ही डब्यांचं बिल चार घड्या करून सरकवलंय आणि आता मिक्सर लागला तरी शिपाई पडत नाही. काल कंपनीचा मेल आला, 'पुढील कार्यवाहीसाठी मूळ बिलाचा स्पष्ट फोटो पाठवावा.' मी अजून उत्तर दिलेलं नाही.